अक्षरं विकणारा

मी अक्षरं विकतो.
जी. एन. क्वचित के.
एफ आता नव्यांना मिळत नाही,
तरी लोक अजून एफचीच चौकशी करतात,
बंद पडलेल्या बेकरीतल्या पावाची करावी तशी.

आज हॅन्कॉकला होतो, पुलापलीकडे,
अर्डिस हातायाच्या स्वयंपाकघरात.
नोव्हेंबर. रस्त्यावर बर्फ लोटणाऱ्या गाडीची खरखर,
आत वेलची घातलेल्या फिनिश पावाचा वास.
एकतीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली.
पुढल्या महिन्याच्या तेराला पासष्ट पूर्ण.
मेडिकेअरचं नवं कार्ड तिनं कॉफीच्या कपाखाली दाबून ठेवलेलं,
दारं-खिडक्या बंद असताना.

मी माझं नेहमीचं वाक्य म्हटलं:
डॉलरमागे ऐंशी सेंट सरकारचे,
उरलेले वीस तुमचे, आणि त्या वीसला वर छप्पर नाही.
वीस ऐकायला लहान वाटतात.
वीस कशाचे, ते मी लगेच सांगत नाही.
थोडं थांबायचं असतं.

"हेलिकॉप्टरचे," रेइनो म्हणाला.
खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून,
गळाचा दोरा गुंडाळत बसला होता.
"मार्क्वेटपर्यंत. मला फक्त छतातला दिवा आठवतो.
मग बिलं आली. बोट विकली."
इकडची माणसं शब्द मोजून देतात, सुटे पैसे द्यावेत तसे.

सहा वर्षांपूर्वी याच टेबलाशी
माझ्याआधीचा एजंट बसून गेलेला.
तेव्हा रेइनोची सहा महिन्यांची मुदत चालू होती,
तब्येतीचा एकही प्रश्न न विचारता मिळालं असतं.
"मला साधं पडसंही होत नाही," म्हणून
त्यानं त्या माणसाला कॉफी पाजली आणि वाटेला लावलं.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
यानं पाय पाहिले, धडधाकट होते,
अंथरूण पाहायचं राहिलं.

"मी जी घेतलं, तर दोघांना चालेल?"
हे मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं.
नाही. अक्षर एकाच माणसाचं असतं.
आडनावासारखं लग्नात वाटून घेता येत नाही.
"मग त्याच्यासाठी वेगळं काढा."
मी दुसरा फॉर्म काढला. काढावा लागतो.
गेल्या दोन वर्षांत इस्पितळात? हो.
हृदयात स्टेंट? दोन.
ऑक्सिजन? रात्रीपुरता.
"शाळेत माझी सलग एवढी उत्तरं
कधी बरोबर आली नव्हती," रेइनो म्हणाला.
मी पेनाला टोपण लावलं.

अर्डिसनं सही करायला वेळ घेतला.
महिन्याला एकशे एक्केचाळीस.
दरवर्षी वाढेल, तेही मी सांगितलं, लपवत नाही.
अक्षर म्हणजे जे झिजत नाही ते.
झिजतं ते बाकीचं,
गुडघे, झडपा, बँकेतली रक्कम.

"म्हणजे मी पडले तर सगळं भरलेलं," ती म्हणाली,
"आणि हा पडला तर..."
पुढचं तिनं पावाच्या तुकड्याबरोबर गिळलं.
"मग यापुढे पडायचं काम तुझं," रेइनो म्हणाला,
आणि पहिल्यांदा आमच्याकडे तोंड करून बसला.
दोघं हसली. मी कागद गोळा केले.

निघताना पाहिलं: पायऱ्यांवर काचेसारखा बर्फ.
रेइनोनं वाळूची बादली उचलली, रोजच्यासारखी.
तिनं ती त्याच्या हातातून काढून घेतली,
त्याला दारात उभं केलं,
आणि स्वतः उतरू लागली,
पायरी पायरीला मूठ मूठ वाळू टाकत,
कठड्याला हात न लावता.

विमा एक तारखेपासून सुरू होतो,
हे मला ओरडून सांगायचं होतं.
गाडीची काच खाली केली.
वर केली.
ती शेवटच्या पायरीवर पोचेपर्यंत
इंजिन चालू केलं नाही.